भाऊराव कोल्हटकर: ध्वनिमुद्रणाआधीचा गळा

भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले. ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात गायकांच्या तबकड्या भरायला सुरुवात केली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी. त्यामुळे मराठी संगीत रंगभूमीच्या या पहिल्या मोठ्या गायक नटाचा एक सूरही आज ऐकता येत नाही. त्यांच्या गाण्याचा माग काढायचा तर तो नाटकांच्या संहितांतून आणि पदांच्या डोक्यावर छापलेल्या चालींतूनच काढावा लागतो.

त्यांचे खरे नाव लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. जन्म ९ मार्च १८६३, बडोदे. लोक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत ते १८८२ मध्ये आले, तेव्हा त्या मंडळीचे संगीत नाटक दोनच वर्षांचे होते. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. त्यात मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला होते.

त्याआधी विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत घालून दिलेल्या पद्धतीत गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे आणि पात्रे बोलत. सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी १८७९ मध्ये पात्रांच्या तोंडी पदे घातली आणि किर्लोस्करांनी ती वाट रुळवली. पण पात्रानेच गायचे म्हटले की मंडळीपुढे एक नवी अडचण उभी राहते. सुरेल गळा, स्पष्ट शब्द आणि भूमिकेला साजेसे रूप हे तिन्ही एकाच माणसात हवे. नायिकेसाठी तर तो माणूस पुरुषच असायचा, आणि तोही वयाने लहान. एकोणीस वर्षांच्या भाऊरावांकडे हे तिन्ही होते. म्हणून मुजुमदारांची शकुंतला त्यांच्याकडे आली आणि १८ नोव्हेंबर १८८२ पासून रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्याच 'सौभद्र'मध्ये सुभद्राही.

या नाटकांतले गाणे आजच्या मैफिलीतल्या नाट्यगीतापेक्षा फार निराळे होते, हे लक्षात न घेता भाऊरावांबद्दल लिहिले की सगळे बिनसते. 'सौभद्र'मध्ये शंभरावर पदे आहेत, 'शाकुंतल'मध्ये त्याहूनही जास्त. एका रात्रीत एवढी पदे उरकायची तर प्रत्येक पद दोन-चार मिनिटांतच संपले पाहिजे. त्यातही सगळी पदे सारख्या वजनाची नाहीत. साकी आणि दिंडी हे त्यांतले दोन जुने छंद. साकी कथा पुढे नेते. तिच्या चरणात २८ मात्रा, १६ आणि १२ अशा वाटलेल्या. ती जवळजवळ संवादाच्या चालीने म्हणायची. दिंडीच्या चरणात १९ मात्रा आणि नवव्या मात्रेनंतर यती, म्हणजे थांबा. बहुतेक वेळा ती करुणाला लावतात. तिथे नटाने नवव्या मात्रेआधीच सूर लांबवला की उरलेल्या दहा मात्रांत अर्थ कोंबला जातो आणि मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाहीत.

गळा दाखवायला जागा मिळते ती साकी-दिंडी सोडून उरलेल्या पदांत. दुर्योधनाशी ठरलेल्या लग्नाने कोंडीत सापडलेली सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण, करील जो हरण संकटाचे' म्हणते, ते पद शब्दशः पाहावे. 'शरण', 'हरण' आणि पुढचे 'चरण' या तिन्ही यमकांत सगळी अक्षरे ऱ्हस्व आहेत, तिथे सूर धरून ठेवता येत नाही. ताणायला मिळते ते 'जाऊ'चे 'जा' आणि 'कुणाला'चे 'णाला'. म्हणजे चढा गळा नेमका प्रश्नाच्या शब्दावर उघडतो आणि यमकावर पटकन मिटतो. भाऊरावांचा आवाज चढा, पल्लेदार आणि वेगवान तानेचा होता, असे त्यांचे वर्णन पिढ्यान्पिढ्या होत आले आहे. अशा आवाजाला ही रचना चपखल बसते. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात त्याचा व्यावहारिक फायदाही मोठा होता. खालच्या पट्टीतला जड आवाज गर्दीत विरून जातो, चढा आवाज पोचतो. पसंतीची पावती म्हणून 'वन्समोअर' येई आणि पद पुन्हा म्हणावे लागे. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात गळा शेवटच्या अंकापर्यंत टिकवणे हे वेगळेच कसब होते.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी किर्लोस्कर वारले. 'रामराज्यवियोग' अपुरे राहिले. त्यात भाऊरावांनी मंथरा केली होती. सुकुमार नायिका करणाऱ्या नटाने मंथरा करावी, हे धाडस मला त्यांच्या कारकिर्दीत फार मोलाचे वाटते. पुढे गोविंद बल्लाळ देवलांच्या 'मृच्छकटिक'मध्ये ते वसंतसेना झाले. मंडळी टिकली त्यात या भूमिकांचा वाटा मोठा होता.

तिशी ओलांडल्यावर स्त्रीभूमिका अवघड होत जातात. गळा तसाच राहिला तरी अंग भरते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनय'मध्ये (१८९६) भाऊराव शूरसेन म्हणून नायक झाले. या नाटकाच्या चाली पारशी रंगभूमीच्या वळणाच्या होत्या. साकी-दिंडीवर वाढलेल्या नटाला ठेका आणि फेक दोन्ही बदलावी लागणार. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला देवलांची 'शारदा' आली आणि तीत ते कोदंड झाले. अडतिसाव्या वर्षी मृत्यू आला नसता तर पुरुषभूमिकांचा हा दुसरा डाव किती रंगला असता, याचा अंदाज या दोन नाटकांवरून येतो.

त्यांच्या चाली मात्र विरत गेल्या, आणि त्याचे कारण छपाईत आहे. पुस्तकात पदाच्या वर स्वरलेखन नसे. 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या माहीत असलेल्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. तेव्हाच्या नटाला तेवढे पुरे होते. ती मूळ गाणी विस्मरणात गेल्यावर तो शिरोलेख निरुपयोगी झाला आणि पुढच्या गायकांनी आपापल्या चाली बसवल्या. आज 'सौभद्र' म्हणून जे ऐकू येते, ते भाऊरावांचेच गाणे असे धरून चालू नये.

त्यांच्यानंतर किर्लोस्कर मंडळीने नायकासाठी नानासाहेब जोगळेकरांना पुढे आणले. शकुंतलेची जागा १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी घेतली. १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. तेव्हापासून चाल लावणारा हा नाटककाराहून वेगळा माणूस झाला, पदे कमी आणि लांब होत गेली, आणि रागविस्ताराला जागा मिळू लागली.