न्यू जर्सीतली इमिग्रेशन कोठडी: बाँड कुणाला मिळतो, कागद कोणते, पैसे कुठे भरायचे

घरातला माणूस ताब्यात गेला की पहिले फोन वकिलाला, मंडळाच्या अध्यक्षांना आणि पुण्यातल्या मामांना जातात. ते जाऊ देत. पण घरातल्या कुणीतरी एकाने बाजूला बसून त्याचा आय-९४ काढायचा. आय-९४ म्हणजे त्याने अमेरिकेत शेवटचं पाऊल ठेवलं, त्या दिवसाची सरकारी नोंद. सीबीपी, म्हणजे सीमेवर आणि विमानतळावर तपासणी करणारं खातं, त्याच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की ती मिळते. बाँड, म्हणजे आपल्या भाषेत जामीन, मिळू शकतो की नाही याचं अर्धं उत्तर त्या एका पानावर असतं.

मी वकील नाही. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करून देतो, त्या निमित्ताने या फायली हाताखालून जातात. एडिसन, जर्सी सिटी या भागांत आपली माणसं बरीच आहेत, म्हणून ही माहिती न्यू जर्सी धरून लिहितो आहे. बाँडचा कायदा फेडरल, म्हणजे देशभर तोच. फरक पडतो तो कोणत्या भागातल्या कोर्टाचे निकाल लागू होतात त्याने.

आधी पात्रता

व्हिसावर आले, विमानतळावर रीतसर प्रवेश मिळाला, नंतर मुदत संपली किंवा नोकरी जाऊन स्टेटस गेलं, अशांना इमिग्रेशन कायद्याचं कलम २३६(अ) लागू होतं. आयसने, म्हणजे पकडून कोठडीत ठेवणाऱ्या फेडरल इमिग्रेशन खात्याने, बाँड नाकारला किंवा भरमसाठ लावला, तर या लोकांना इमिग्रेशन जज्जाकडे दाद मागता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेले बहुतेक मराठी लोक या गटात येतात.

सीमेवरून तपासणीविना आत आलेल्यांचं मात्र अवघड झालं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन जज्जांच्या वरच्या अपील मंडळाने, ‘याहूरे उर्तादो’ प्रकरणात निकाल दिला की अशा माणसाला, तो कितीही वर्षं इथे राहिलेला असो, बाँड देण्याचा अधिकार इमिग्रेशन जज्जाला नाही. अनेक फेडरल जिल्हा न्यायाधीशांनी हे मान्य केलेलं नाही. त्यामुळे या गटातल्या माणसाने इमिग्रेशन कोर्टात ताटकळण्यापेक्षा फेडरल कोर्टाचं काय, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारावं.

तिसरा गट आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. ग्रीनकार्डचा अर्ज भरलेला आहे, अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, घेऊन भारतात लग्नाला गेले आणि त्याच कागदावर परत आले. आय-९४ वर वर्गाच्या जागी ‘डीए’ दिसतं. कायद्याच्या भाषेत हा ‘प्रवेश’ नव्हे, ‘पॅरोल’, म्हणजे तात्पुरती मुभा. सरकारी वकील उभा राहून म्हणू शकतो की हा माणूस अजून दारातच आहे, याला बाँड देता येत नाही. मग मागणी आयसकडेच करावी लागते, सुटकेसाठी पॅरोल म्हणून.

गुन्ह्याची नोंद असेल तर कलम २३६(क) बघा. अंमली पदार्थ, ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’ (इमिग्रेशन कायद्याने यादी केलेले गंभीर गुन्हे) अशा प्रकरणांत कोठडी सक्तीची आहे. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने त्यात दुकानातली चोरीही आली, आणि तीही नुसत्या अटकेवर, दोषी ठरण्याआधीच. मात्र ही भर मुख्यतः तपासणीविना आलेले, खोट्या माहितीवर किंवा योग्य कागदांविना आलेले यांच्यासाठी आहे. व्हिसाची मुदत संपलेला माणूस त्यात आपोआप येत नाही. सरकारने चुकीच्या खणात टाकलं असं वाटलं तर ‘जोसेफ हिअरिंग’ मागता येतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल तर बाँडला कायदेशीर आडकाठी नसते, पण जज्ज ती फार गंभीरपणे घेतात. हे घरच्यांनी वकिलापासून लपवू नये. फाइलमध्ये ते असतंच.

माणूस आहे कुठे?

न्यू जर्सीत मुख्य ठिकाणं दोन. एलिझाबेथ शहरातलं केंद्र विमानतळाजवळच्या एका जुन्या गोदामात आहे, ते कोअरसिव्हिक ही कंपनी चालवते. दुसरं नेवार्कच्या डोरेमस अॅव्हेन्यूवरचं डिलेनी हॉल, सुमारे एक हजार खाटांचं, मे २०२५ पासून सुरू, चालवणारी कंपनी जिओ ग्रुप. पण उचलला नेवार्कला आणि ठेवला टेक्सासला, असंही होतं. जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियात पकडलं, लुइझियानामार्गे टेक्सासात ठेवलं, आणि १४ मेला त्यांची सुटका केली ती व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायाधीशांनी.

शोधायचं आयसच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक, असेल तर उत्तम. तो नऊ आकडी लागतो, कमी आकडे असतील तर आधी शून्य लावा. तो नसेल तर नाव आणि जन्मदेश, आणि इथेच आपली गाडी अडते. नाव तंतोतंत जुळावं लागतं, आणि आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात चिकटलेलं असतं. म्हणून आधी पासपोर्टात आहे तसं, मग नुसतं स्वतःचं नाव, मग दोन्ही नावं जोडून, असं तीन प्रकारे टाका. लग्नाआधीचं आडनावही करून पाहा. जन्मदेश म्हणजे नागरिकत्व नव्हे: माणसाचा जन्म दुबईत झाला असेल तर भारत निवडून काही सापडणार नाही. नोंद चढायला वेळ लागतो, तेव्हा सकाळी नाही दिसलं तर संध्याकाळी परत बघा. कोर्टाच्या तारखेसाठी ए-नंबर हातात घेऊन १-८००-८९८-७१८० हा स्वयंचलित क्रमांक लावावा.

भारतीय दूतावासाला कळवावं असं सांगण्याचा हक्क ताब्यातल्या माणसाला आहे. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. भारतातल्या नातेवाइकांना ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकता येते. दूतावास बाँड भरत नाही आणि केसही लढत नाही. पण संपर्क, विचारपूस आणि पासपोर्ट नसेल तर प्रवासाचा कागद ही कामं त्यांची.

बाँडची सुनावणी: घाई नडते

अर्जाला फी नाही. वकिलामार्फत लेखी करतात. सुनावणीत तोंडी मागितला तरी चालतो. मुख्य केसची तारीख लागायची वाटही बघायला नको. सरकारी खर्चाने वकील मात्र मिळत नाही. कोर्टाच्या मोफत वकिलांच्या यादीतून किंवा स्वतःच्या खिशातून बघावा लागतो. मराठी दुभाषा कोर्ट स्वतःच्या खर्चाने देतं. ‘हिंदी चालेल का?’ असं विचारलं आणि समोरच्याला ती अडखळत येत असेल, तर ‘मराठीच हवा’ असं स्पष्ट सांगावं.

लोक कागद तयार नसताना पहिली तारीख घेतात, जज्ज नाही म्हणतो, आणि मग धावाधाव सुरू होते. पण दुसऱ्यांदा मागायचं तर परिस्थितीत ठोस बदल झाला आहे असं लेखी दाखवावं लागतं, आणि पुरावे गोळा करायला उशीर झाला हा बदल धरत नाहीत. चार दिवस जास्त आत राहणं कुणालाच नको असतं, तरी कच्च्या फायलीवर सुनावणी घेऊ नका.

जज्ज दोन गोष्टी तपासतो: हा माणूस धोकादायक आहे का, आणि सोडला तर तारखांना येईल का. सिद्ध करायची जबाबदारी साधारणपणे आपल्यावर. म्हणून प्रत्येक कागदाने या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. पत्ता पक्का असल्याचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल), तिथे ठेवून घेणाऱ्याचं पत्र आणि त्याच्या सिटिझनशिपची किंवा ग्रीनकार्डची प्रत, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, टॅक्स रिटर्न, नोकरीचं पत्र, आजारपण असेल तर डॉक्टरचं. जुनी केस असेल तर कोर्टाचा अंतिम निकाल, शिक्का असलेला. आणि पुढे कोणत्या मार्गाने इथे राहण्याचा हक्क मागणार त्याचा पुरावा, कारण ज्याला केसमध्ये काही आशा आहे तो तारखांना येतो असा जज्जांचा हिशोब असतो. बाँडची फाइल मुख्य केसपेक्षा वेगळी असते. तिकडे दिलेला कागद इकडे आपोआप येत नाही, परत द्यावा लागतो.

मराठी कागदाला भाषांतरकाराचं सही केलेलं टाइप प्रमाणपत्र हवं: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ आणि पासपोर्टवर वेगळंच नाव असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र जोडा.

ओळखीच्यांच्या पत्रांबद्दल एक सांगायलाच हवं. माझ्याकडे येणाऱ्या दहातली आठ पत्रं सारखीच असतात: ‘मुलगा अत्यंत सुस्वभावी, होतकरू आणि मनमिळाऊ आहे.’ ही स्थळासाठीची शिफारस झाली. कोर्टाच्या कामाचं पत्र असं असतं: मी नागरिक आहे, याला सहा वर्षं ओळखतो, तो दर रविवारी माझ्या आईला डायलिसिसनंतर घरी आणतो, सुटल्यावर माझ्या या पत्त्यावर राहील आणि प्रत्येक तारखेला मी त्याला गाडीने नेईन. सही, तारीख, ओळखपत्राची प्रत. अशी चार पत्रं चाळीस स्तुतिपत्रांना भारी पडतात.

निकाल विरुद्ध गेला तर बोर्डाकडे अपील. मुदत निकालपत्रावरची बघायची, ऐकीव नव्हे. उलट बाजूही लक्षात ठेवा: जज्जाने बाँड दिला तरी काही प्रकरणांत आयसचे वकील एका कामकाजाच्या दिवसात ईओआयआर-४३ फॉर्म भरून सुटका अडवू शकतात. म्हणून पेढे नंतर.

आत असताना

आल्यावर बारा तासांत प्राथमिक वैद्यकीय तपासणी आणि चौदा दिवसांत पूर्ण तपासणी, असं आयसच्या २०११ च्या मानकांत आहे. घरून गोळ्या पाठवून उपयोग नाही. डॉक्टरकडून औषधांची यादी थेट केंद्राच्या दवाखान्यात पाठवा. शाकाहारी जेवणासाठी धार्मिक आहाराचा लेखी अर्ज चॅप्लेनकडे, म्हणजे केंद्रातल्या धर्मगुरूकडे, द्यावा लागतो. तोंडी सांगून ताटातलं मांस हलत नाही. तक्रारीही लेखी द्या आणि प्रत ठेवा, पुढे कोर्टात त्याच कामी येतात.

काम केलं तर दिवसाला एक डॉलर. हा आकडा चुकून छापलेला नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाच्या केंद्रावरून जिओ ग्रुपवर खटला झाला. २०२१ मध्ये ज्युरीने कामकऱ्यांना १ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला. दुसरीकडे, एका माणसाला डांबून ठेवायला दिवसाला सुमारे १५२ डॉलर आणि बाहेर ठेवून नजर ठेवायला ४.२० डॉलरहून कमी, हा हिशोब आयसनेच मांडलेला आहे. तरी २०२५ च्याच दुसऱ्या एका कायद्यात अमेरिकी काँग्रेसने कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर दिले. न्यू जर्सीने २०२१ मध्ये खासगी कोठड्यांच्या नव्या करारांवर बंदी घातली होती. कोअरसिव्हिक कोर्टात गेली आणि जुलै २०२५ मध्ये थर्ड सर्किटने, म्हणजे या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने, कंपनीच्या बाजूने कौल दिला. केंद्र सरकारच्या कामात राज्याने हात घालू नये, हा मुद्दा. दोन्ही केंद्रं म्हणूनच चालू आहेत.

कुठल्याही कागदावर समजल्याशिवाय सही करू नये. परत जायचंच ठरलं असेल तरी ‘स्वेच्छा प्रस्थान’ मागता येतं का ते विचारा. तिकीट आपलं, पण हद्दपारीच्या आदेशामागून येणारी, बहुतेकदा दहा वर्षांची, प्रवेशबंदी टळू शकते.

हेबियस कॉर्पस

बाँडचा रस्ता बंद असेल किंवा कोठडी लांबतच चालली असेल, तर फेडरल जिल्हा कोर्टात हेबियस अर्ज, म्हणजे ही कोठडीच बेकायदा आहे अशी दाद. कोर्टाची फी फक्त ५ डॉलर. वकिलाची वेगळी आणि तीच मोठी. अर्ज माणूस ज्या जिल्ह्यात आहे तिथे करायचा, म्हणून दुसऱ्या राज्यात हलवण्याआधी तो दाखल होणं महत्त्वाचं. न्यू जर्सीवर थर्ड सर्किटचे निकाल लागू होतात. २०२० च्या ‘जर्मन सांतोस’ निकालानुसार सक्तीची कोठडी अवाजवी लांबली तर बाँडची सुनावणी द्यावी लागते, आणि तिथे धोका सिद्ध करायचं ओझं सरकारवर येतं. अंतिम हद्दपारी आदेशानंतर सहा महिने उलटले आणि परत पाठवणं नजीक दिसत नसेल, तर २००१ चा सुप्रीम कोर्टाचा ‘झाडविडास’ निकाल आहे. पण भारत प्रवासाचे कागद देतो, त्यामुळे भारतीयांना याचा आधार कमी.

पैसे भरणं आणि परत मिळवणं

जज्जाने लावलेला बाँड १,५०० डॉलरपेक्षा कमी नसतो. प्रत्यक्षात कित्येक हजार, कधी पाच आकडी. पूर्ण रक्कम एकदम भरायची. आयसच्या ‘सीबाँड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेत खातं उघडून बँकेतून पैसे जातात. भरणारा, म्हणजे ऑब्लिगर, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असला तर अडचण येत नाही. स्वतःच एच-१बीवर असलेल्या भावाने पुढे होण्याआधी वकिलाला विचारावं. बाँड कंपन्या थोड्या पैशात काम करतात, पण त्यांची फी परत मिळत नाही.

सुटल्यावर पत्ता बदलला तर पाच दिवसांत ईओआयआर-३३ फॉर्म कोर्टाला. एक तारीख चुकली तर पाठीमागे हद्दपारीचा आदेश होतो आणि बाँडही बुडतो.

केस संपली, निकाल कोणताही असो, अटी पाळल्या असतील तर रक्कम व्याजासह ऑब्लिगरला परत मिळते. बाँड रद्द झाल्याची आय-३९१ ही नोटीस येते, ती आय-३०५ पावतीसोबत व्हरमाँटमधल्या विलिस्टनच्या कार्यालयाला पाठवायची. पावती हरवली तर आय-३९५ हे शपथपत्र. केस अनेक वर्षं चालते, तोवर पैसे भरणारा काका एडिसनहून डॅलसला गेलेला असतो आणि नोटीस जुन्या घरी जाते. त्याने घर बदललं की आय-३३३ भरायचा.