कॉर्न स्नेकचं जेवण आणि डिसेंबरची थंडी

निफाडचा पारा घसरला की आम्हा नाशिककरांना आधी द्राक्षबागा आठवतात. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात. अशाच एका कडाक्याच्या आठवड्यात गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला, "मामा, सापाने उंदीर ओकला."

त्याच्याकडे कॉर्न स्नेक आहे, दीड वर्षाचा, केशरी अंगावर विटकरी ठिपक्यांचा. मी पोचलो तेव्हा खोलीत कुजकट वास भरला होता. ओकलेला उंदीर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला होता. डोक्याकडचा भाग पार मऊ पडून केस गळलेले, मागचे पाय आणि शेपूट मात्र जशीच्या तशी. साप भक्ष्य डोक्याकडून गिळतो, त्यामुळे पचनही डोक्याकडूनच सुरू होतं. इथे ते अर्ध्यावर थांबलं होतं. गिळून चार दिवस झाले होते. त्याच्या तीन दिवस आधी आणखी एक उंदीर दिला होता. का, तर "तो सारखा काचेशी तोंड घासत होता, भूक लागली असेल वाटलं."

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारणारा. मक्याच्या कणग्यांमध्ये उंदरांच्या मागे तो यायचा, शिवाय पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडे हेच काम कांदाचाळीत धामण करते. पण धामण घरात पाळता येत नाही. आपल्या रानातले साप 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवायचं, बरणीत ठेवायचा नाही.

आता मूळ प्रश्न: सापाला किती आणि किती दिवसांनी खायला द्यायचं? अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी उंदराचं केस न फुटलेलं एक गुलाबी पिल्लू पुरतं. वाढत्या सापाला आठवड्यातून एकदा, पूर्ण वाढलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी एकदा. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, फार तर त्याच्या दीडपट जाड असावा. इतकं कमी कसं पुरतं? आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग 37 अंशांवर ठेवण्यात जळतो. साप ती शेगडी पेटवतच नाही, उष्णता बाहेरून घेतो. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं किंवा त्याहूनही कमी अन्न त्याला लागतं.

पण मला खरं वेड लावलंय ते जेवणानंतर सापाच्या पोटात जे घडतं त्याने. याचा सर्वांत खोल अभ्यास बर्मी अजगरावर झाला. स्टीफन सिकॉर आणि जॅरेड डायमंड या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवलं की उपाशी अजगराची पचनसंस्था जवळजवळ बंद पडलेली असते. जठरात आम्ल नसतं, आतडं आक्रसलेलं असतं. उंदीर आत गेला की एका दिवसात जठराचा सामू दीडपर्यंत उतरतो, म्हणजे तीव्र आम्ल तयार होतं. लहान आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं. आतड्याच्या आतल्या पेशी फुगतात आणि त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म तंतू, ज्यांतून अन्नरस शोषला जातो, चार-पाच पट लांब होतात. मोठ्या जेवणानंतर चयापचयाचा वेग विश्रांतीच्या 44 पटींपर्यंत चढल्याची नोंद आहे. 2005 साली दुसऱ्या एका गटाला आढळलं की दोन दिवसांत हृदयाची जवनिका, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा कप्पाही, सुमारे 40 टक्क्यांनी जड होते. आणि जेवण पचलं की हे सगळं पुन्हा आवरून ठेवलं जातं. या उभारणीचा आणि पचनाचा खर्च त्याच जेवणातून वजा होतो, अजगरात तो जवळजवळ तिसरा हिस्सा भरतो.

अजगर महिनोन्महिने उपाशी राहतो, म्हणून त्याच्यात हा चढउतार टोकाचा. कॉर्न स्नेकसारखे वरचेवर खाणारे साप यंत्रणा इतकी बंद करत नाहीत, त्यांच्यात चढउतार बेताचा असतो. तरी घडतं ते त्याच जातीचं, आणि ते व्हायला वेळ लागतो. पहिलं जेवण अजून आतड्यात असताना दुसरं ढकललं की जास्तीची ऊर्जा चरबी होऊन साठते, यकृतावरही चढते. साप लवकर मोठा दिसावा म्हणून त्याला ठासून भरवायचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून सापांचे हाल करू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

भाच्याच्या सापाचं मात्र वेगळंच झालं होतं. पेटी खिडकीशी होती. मी थर्मामीटर ठेवला, 17 अंश. पचनाची विकरं (एन्झाइम्स) तापमानावर चालतात, दहा अंश घट झाली की रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्मा होतो. कॉर्न स्नेकला पेटीच्या उबदार टोकाला 28 ते 30 अंश लागतात. थंडीत पचन मागे पडतं, उंदराच्या पोटातले जिवाणू पुढे निघतात, भक्ष्य आतून कुजून फुगतं, आणि साप ते बाहेर टाकतो. जेवणानंतर दोन दिवसांच्या आत सापाला हाताळलं तरी तो ओकू शकतो. डोळे निळसर, धुरकट झाले की कात टाकायची वेळ आलेली असते, तेव्हा त्याने तोंड फिरवलं तर घाबरायचं नाही.

शेजारच्या काकूंनी तेवढ्यात वाटीभर दूध आणून ठेवलं, अशक्तपणा जाईल म्हणून. दूध हा सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचा आहार, सापाचं पोट मांसासाठी घडलेलं. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो तो तहानेने, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. मी काकूंना हे सांगितलं, वाटी उचलली आणि तिथे पाण्याचं भांडं ठेवलं.

पेटी आतल्या भिंतीशी हलवली, खाली थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट टाकली. बारा दिवस काहीच दिलं नाही, कारण ओकताना जठरातलं आम्ल अन्ननलिकेला पोळतं. तेराव्या रात्री नेहमीच्या निम्म्या आकाराचा गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडवून चिमट्याने पुढे धरला. जिवंत देत नाही, तो सापाला चावतो. सापाने जीभ दोनदा बाहेर काढली, मान मागे घेतली आणि झडप घातली. भाच्याने वहीत तारीख लिहिली, त्याखाली उंदराचं वजन, आणि त्याखाली मॅटवरचं तापमान: 29.