चियांग माईचा मुख्य तालुका: राज्याची राजधानी ते सरकारी कचेरी

उत्तर थायलंडमधला चियांग माई प्रांत केवढा, तर २० हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यात २५ आम्फो. आपल्या हिशोबात सांगायचं तर चांगवात (प्रांत) म्हणजे जिल्हा, आम्फो म्हणजे तालुका, त्याखाली तांबोन आणि मग गावं. या २५ मधला मुआंग चियांग माई, म्हणजे मुख्यालयाचा तालुका, भरतो जेमतेम १५२ चौरस किलोमीटर. तांबोन १६. पश्चिमेला १,६७६ मीटर उंचीचा दोई सुथेप, पूर्वेच्या बाजूने पिंग नदी, आणि मधल्या सपाटीवर जुनं चौकोनी शहर, खंदकासकट. टूरिस्ट लोक ज्याला चियांग माई म्हणतात ते जवळपास सगळं एवढ्यातच येतं.

शहर वसवलं राजा मंगराईने १२९६ साली. त्याआधी त्याची राजधानी होती विआंग कुम काम, तीही इथून जवळच, पण पिंगचा पूर सारखा आत शिरायचा म्हणून त्याने जरा उंचावरची, डोंगराकडची जागा धरली. जागा बघताना फायाओचा न्गाम मुआंग आणि सुखोथाईचा रामखामहेंग या दोन मित्र राजांना बोलावलं होतं असं सांगतात, तिघांचे पुतळे आज शहराच्या मधोमध उभे आहेत. लान्ना राज्याची ही राजधानी १५५८ मधे बर्मी फौजांच्या ताब्यात गेली आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं बहुतेक काळ त्यांच्याच वर्चस्वाखाली राहिली. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८७ च्या सुमारास इथे येऊन गेला, हा तोच, ज्याला पोर्तुगीजांनी गोव्यात तुरुंगात टाकलं होतं आणि तो तिथून पळाला होता.

१७७० च्या दशकात सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा ताक्सिन याच्या मदतीने कावीला या स्थानिक सरदाराने बर्मींना हुसकावलं खरं पण लढायांनी शहर इतकं ओसाड झालं होतं की वीसेक वर्षं तिथे कोणी धड राहतच नव्हतं. मग आसपासच्या मुलखातून माणसं पकडून, समजावून, जमेल तशी आणून वसवली, आणि १७९६ मधे कावीला पुन्हा शहरात शिरला, वसवणुकीला बरोब्बर ५०० वर्षं झाली तेव्हा. इथून पुढे चियांग माईचे राजे बँकॉकचे मांडलिक, पण घरचा कारभार त्यांचा तेच बघायचे. बँकॉकहून नदीने वर यायला महिने लागायचे, एवढ्या लांबून कोण लक्ष घालणार?

लक्ष घालायला लावलं सागवानाने. माझ्या मते आजच्या या तालुक्याची खरी गोष्ट इथून सुरू होते. जंगलं राजघराण्यातल्या लोकांची, आणि ते एकच जंगल दोन-दोन ठेकेदारांना द्यायचे. ठेकेदारांत बरेच बर्मी आणि शान, म्हणजे ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे भांडण झालं की ब्रिटिश वकिलातीकडे तक्रार, खटला बँकॉकमधे, आणि भरपाई चियांग माईच्या राजाच्या बोकांडी. शेवटी १८७४ मधे कलकत्त्यात सयाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात चियांग माईबद्दलचा करार झाला, १८८३ मधे दुसरा, आणि बँकॉकचे अधिकारी कायमचे इथे येऊन बसले. सागवानातली एक मोठी कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ मधे आपल्या मुंबईत काढलेली. बर्मी सरकारने याच कंपनीला केलेल्या दंडाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मधे बर्मा गिळला आणि थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. शेजारी हे असं झाल्यावर बँकॉकला घाई सुटली यात नवल नाही.

मग चुलालाँगकॉर्न राजाचा गृहमंत्री, राजपुत्र दामरोंग, याने १८९२ पासून देशभर नवी उतरंड लावली: मोंथोन (म्हणजे अनेक प्रांतांचा मिळून एक विभाग), चांगवात, आम्फो, तांबोन, सगळीकडे वरून नेमलेला पगारी अधिकारी. त्याआधीच १८८९ मधे सुपारीच्या झाडांवरच्या करावरून फाया फाप या स्थानिक सरदाराने उठाव केला होता, तो मोडून काढला. राजघराण्याच्या वाड्याच्या जागेवर, विआंग काएवला, सरकारने चक्क तुरुंग बांधला. ऐन शहराच्या मधे तुरुंग, लोकांना ते अपशकुनी वाटायचं आणि अपमानास्पदही, आणि तो तिथून हलायला एकविसावं शतक उजाडलं. रेल्वे १९२०च्या दशकाच्या तोंडावर पोचली आणि महिन्यांचा प्रवास एक-दोन दिवसांवर आला, म्हणजे बँकॉकचा हातही तेवढाच जवळ आला. मोंथोन १९३३ च्या सुमारास रद्द झाले, शेवटचा राजा काएव नवरात १९३९ मधे वारला, त्यानंतर गादीवर कोणी नाही. मुख्यालयाच्या तालुक्यांना मुआंग लावून प्रांताचं नाव द्यायचं ही पद्धत १९३८ मधे देशभर पक्की झाली. अपवाद अयुथ्याचा, तिथे तालुक्याला नुसतंच प्रांताचं नाव.

आताचा कारभार जरा गुंत्याचाच आहे. प्रांताचा गव्हर्नर आणि तालुक्याचा नाय आम्फो, दोघंही गृहखात्याने नेमलेले, आज इथे तर उद्या दुसऱ्या टोकाला. निवडून येतो तो नगरपालिकेचा महापौर, पण चियांग माई नगरपालिकेची हद्द फक्त ४० चौरस किलोमीटर. विद्यापीठाचा मुख्य परिसर सुथेप या तांबोनमधे येतो, त्याची पालिका वेगळी, मे हिया या तांबोनची वेगळी. पिंगला पूर आला, जसा ऑक्टोबर २०२४ मधे आला, किंवा मार्चमधे जंगलं आणि शेतं पेटून शहरभर धूर कोंडला, की कोणाच्या हद्दीत काय याचा घोळ ठरलेला. बँकॉकचे लोक आपला गव्हर्नर निवडतात मग आम्ही का नाही, ही मागणी इथे जुनी आहे, चियांग माई महानगर म्हणून कायद्याचा मसुदासुद्धा लोकांच्या सह्या गोळा करून संसदेला दिला होता, पण २०१४ चं लष्करी बंड झालं आणि तो बारगळला.