प्लास्टिक-भक्षण, सागरी प्राण्यांतील

समुद्रातील टाकाऊ प्लास्टिक अन्नाबरोबर किंवा अन्न समजून प्राण्यांच्या पोटात जाणे. जाळ्यांत अडकून होणारी इजा हा वेगळा प्रकार होय.

सर्वांत जुनी नोंद कोणती, हे निकषावर ठरते. केनियन व क्रिडलर यांचा हवाई द्वीपसमूहातील लेसन अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या मृत पिलांवरील लेख १९६९ चा आहे. पहिला मान सहसा त्यालाच देतात. मात्र कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या वादळपाखरांवरील (स्टॉर्म पेट्रेल, लहान समुद्रपक्षी) रॉथस्टाइन यांचा लेख १९७३ चा असला, तरी त्यातील काही नमुने १९६२ मधील असल्याने नमुन्याचे वर्ष धरल्यास प्राधान्य त्याकडे जाते. लेदरबॅक कासवांच्या १८८५ ते २००७ या काळातील ४०८ शवविच्छेदनांच्या आढाव्यात प्लास्टिकचा पहिला उल्लेख १९६८ मध्ये सापडतो.

प्राणी प्लास्टिक का खातात, याविषयी मतभेद आहेत. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, हा रूढ समज. तो कासवांपुरता बराचसा ग्राह्य असला, तरी अल्बट्रॉस व वादळपाखरे भक्ष्य वासानेही शोधतात. २०१६ मध्ये सवोका व सहकाऱ्यांनी असे दाखवले, की काही आठवडे समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकला डायमिथिल सल्फाइडचा वास येतो. एरवी हा वायू पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून (वनस्पतिप्लवक) सुटतो आणि पक्ष्यांना भक्ष्याचा सुगावा देतो. या निष्कर्षातील सांख्यिकीवर २०१७ मध्ये आक्षेप घेण्यात आले. पुढे २०२० मध्ये, शेवाळ-जीवाणू चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला लॉगरहेड कासवे अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद देतात असे आढळले: ती नाकपुड्या पाण्याबाहेर जास्त वेळ धरून राहिली. दृष्टी व गंध दोन्ही कार्यरत असावीत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

परिणाम : आतड्यात अडथळा, उपासमार, जठराला जखमा. विल्कॉक्स व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील गणितानुसार पोटात १४ तुकडे असलेल्या समुद्री कासवाच्या मृत्यूची शक्यता सुमारे ५० टक्के असते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरील पाणकापू (शिअरवॉटर) पक्ष्यांच्या पूर्वजठरात, म्हणजे जठराच्या पहिल्या भागात, तुकड्यांच्या सततच्या घर्षणाने व्रणऊतक (जखम भरताना बनणारे कठीण ऊतक) साचते. या विकाराला २०२३ मध्ये ‘प्लास्टिकोसिस’ नाव मिळाले. प्रवाळांचे प्रकरण निराळे. ते प्लास्टिक गिळतातही. पण २०१८ च्या आशिया-पॅसिफिक पाहणीत प्लास्टिकचा नुसता स्पर्श झालेल्या प्रवाळांत रोगाची शक्यता ४ वरून ८९ टक्क्यांवर गेलेली दिसली.

कोकण किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पावसाळ्यात वाहून येणाऱ्या जखमी कासवांत तुटक्या जाळ्यांनी पाय कापलेली कासवे असतात; ही इजा भक्षणाची नसून वर सांगितलेल्या अडकण्याच्या प्रकारातील होय. डहाणूच्या कासव-उपचार केंद्रात त्यांच्यावर उपचार होतात.