पळणारा प्रोसेसर, चालणारं यंत्र: ॲक्सिलरेटर कार्डांची पार्श्वभूमी

जुन्या संगणकाचा वेग वाढवायचा तर आतलं क्रिस्टल, म्हणजे यंत्राचा ठोका ठरवणारा स्फटिक, काढून जास्त मेगाहर्ट्झचं का बसवू नये? उत्तर टीव्हीत आहे. १९७७ च्या ॲपल टू या संगणकातलं १४.३१८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या ३.५८ मेगाहर्ट्झ रंगसंकेताच्या चौपट होतं. त्याला १४ ने भागलं की ६५०२ प्रोसेसरचा ठोका मिळे, १.०२ मेगाहर्ट्झचा. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकाचे युरोपातले ७.०९ मेगाहर्ट्झही तिथल्या टीव्हीच्या हिशेबातूनच आले. क्रिस्टल बदललं की पडद्यावरचं चित्र गेलं. म्हणून बाकीचं यंत्र त्याच्या जुन्या ठोक्यावर चालू द्यायचं आणि एकट्या प्रोसेसरला पळवायचं, ही ॲक्सिलरेटर कार्डाची मूळ कल्पना.

ऐकायला सोपी आहे. पण या कार्डांचा इतिहास पाहिला तर वेगवान प्रोसेसर मिळवणं हा त्यातला सोपा भाग होता. सगळी अक्कल खर्ची पडली ती त्याला कधी, कुठे आणि कोणापुढे हळू करायचं हे ठरवण्यात.

प्रोसेसर बाहेरून आणून बसवता येतो हे लोकांना दाखवून दिलं ते वेगासाठी नसलेल्या एका कार्डाने. ॲपल टू घडवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्यात जादा कार्डं खोचायला ८ स्लॉट ठेवले होते. मायक्रोसॉफ्टने १९८० साली त्या स्लॉटसाठी सॉफ्टकार्ड आणलं. त्यावर झेड-८० प्रोसेसर होता, आणि तो असला की सीपी/एम ही त्या काळची धंदेवाईक ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावरचे वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम ॲपलवर चालत. मूळ ६५०२ घरातच राही, पण डिस्क आणि कीबोर्ड सांभाळण्यापुरता. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी प्रसिद्ध होण्याआधी मायक्रोसॉफ्टने हार्डवेअर विकून चांगले पैसे कमावले, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही.

खरी वेगवाढ करणारी कार्डं ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जोर धरू लागली. अप्लाइड इंजिनिअरिंगचं ३.६ मेगाहर्ट्झचं ट्रान्सवार्प हे त्यातलं नावाजलेलं. आणि इथेच पहिली ठेच लागली, फ्लॉपी ड्राइव्हपाशी.

वॉझ्नियाक यांचा डिस्क टू कंट्रोलर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह चालवणारं कार्ड, अगदी मोजक्या चिपांचा होता. हे जमलं, कारण डिस्कची वेळ पाळण्याचं काम त्यांनी चिपांकडून काढून प्रोग्रॅमकडे दिलं. डिस्कवर एक बिट ४ मायक्रोसेकंदांत लिहिला जातो. म्हणजे ८ बिटांना ३२ मायक्रोसेकंद, म्हणजेच प्रोसेसरचे जवळजवळ नेमके ३२ ठोके. लिहिणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक सूचनेचे ठोके मोजून बेरीज ३२ भरेल असं बसवलं होतं, कमी पडले तिथे निव्वळ वेळ घालवणाऱ्या सूचना घालून. आता हेच कोड साडेतीनपट वेगाने चालवा. चकती तितक्याच वेगाने फिरते आहे आणि प्रोसेसर मात्र बाइट तिच्यावर भरभर ओतत सुटला आहे. वाचताना गोंधळ झाला तर निदान पुन्हा वाचता येतं. लिहिताना झाला तर आधी होतं तेही गेलं.

उपाय असा निघाला: प्रोसेसर कोणत्या पत्त्याला हात घालतो यावर कार्डाने लक्ष ठेवायचं, डिस्कच्या स्लॉटचा पत्ता दिसला की थोडा वेळ १ मेगाहर्ट्झवर उतरायचं आणि काम आटोपलं की पुन्हा पळायचं. कोणत्या स्लॉटपुढे हळू व्हायचं हे सांगायला ट्रान्सवार्पवर बारीक डिप स्विच होते. भोंग्याचा आवाज आणि खेळाचे पॅडलही असेच ठोके मोजून चालत, त्यामुळे त्यांच्यासाठीही हीच सवलत ठेवावी लागली.

पुढे झिप चिप आली. मूळ ६५०२ उपटून त्याच जागी बसणारी, पोटात प्रोसेसर आणि कॅश (नुकताच लागलेला मजकूर हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी) दोन्ही असलेली. तिची रचना परवान्यावर घेऊन ॲपलने १९८८ साली ४ मेगाहर्ट्झचा ॲपल टू-सी प्लस काढला. बाहेरच्यांनी केलेली डागडुजी कंपनीने स्वतःच्या मालात घ्यावी, असं क्वचितच घडतं.

ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीने हा प्रश्न मुळात उद्भवूच द्यायचा नाही असं ठरवलं. त्यांच्या १९८१ च्या बीबीसी मायक्रोला 'ट्यूब' नावाची जोडणी होती. दुसरा प्रोसेसर आपली मेमरी घेऊन वेगळ्या डब्यात राहायचा. दोघांमधला व्यवहार चालायचा तो ट्यूबमधून, निरोपानिरोपी केल्यासारखा. २ मेगाहर्ट्झचा मूळ प्रोसेसर पडदा, कीबोर्ड आणि डिस्क सांभाळी, तर ३ मेगाहर्ट्झचा पाहुणा फक्त हिशेब करी. मूळ यंत्रात अवघी ३२ केबी रॅम, आणि त्यातले २० केबी बारीक चित्राच्या मोडमध्ये पडदाच खाई. पाहुण्याकडे ६४ केबी स्वतःचे असत. अट एकच होती, प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीममार्फतच बोलायचं. पडद्याच्या मेमरीत थेट हात घालणारे प्रोग्रॅम तिथे आपटत, आणि असे खेळ चिक्कार होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात याच्याइतकी स्वच्छ रचना दुसरी झाली नाही.

त्याच ट्यूबवर सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली पहिली एआरएम चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली, बीबीसी मायक्रोचा दुसरा प्रोसेसर म्हणून. चिप किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला तर तो शून्य दाखवत होता. पाहतात तर तिला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. बाकीच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती आरामात चालली होती, असं फर्बर सांगतात. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये एआरएम घराण्याची चिप असते. त्या घराण्याचे पाळण्यातले दिवस म्हणजे जुन्या संगणकाच्या बाजूला टांगलेला एक डबा.

आयबीएम पीसीच्या बाजूला ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरऐवजी ३८६ बसवणारं इंटेलचं इनबोर्ड कार्ड १९८७ मध्ये आलं. पण पीसीच्या जगात आख्खा मदरबोर्डच बदलणं लवकरच परवडू लागलं आणि कार्डांची गरज आटली. तिथे मागे राहिलं ते 'टर्बो' बटण. काही खेळ ४.७७ च्या हिशेबाने लिहिलेले, ते नव्या यंत्रावर डोळ्यांना दिसणार नाहीत असे सुटत. त्यांच्यासाठी बटण दाबून यंत्र हळू करायचं. नाव टर्बो, काम ब्रेकचं.

१९८४ च्या मॅकिंटॉशला तर स्लॉटच नव्हता. म्हणून मदरबोर्डवरच्या ६८००० प्रोसेसरच्या ६४ पायांवर वरून चिमटा बसवून कार्डं जोडली गेली.

मग अमिगा. इथे थोडं थांबायला हवं, कारण जुन्या यंत्रांना कार्डं जोडण्याच्या छंदाचं माहेर हेच.

अमिगामध्ये चित्र, आवाज आणि डिस्क सांभाळणाऱ्या खास चिपा असतात, आणि त्या ज्या मेमरीतून काम करतात तिला चिप रॅम म्हणतात. प्रोसेसरही तीच मेमरी वापरतो, खास चिपांच्या मधल्या फटीत आपली पाळी साधून. फक्त प्रोसेसरची म्हणून वेगळी मेमरी जोडली तर ती फास्ट रॅम. १९९२ च्या अमिगा १२०० मध्ये १४ मेगाहर्ट्झचा ६८०२० प्रोसेसर होता आणि २ एमबी मेमरी होती, ती सगळी चिप रॅम. परिणामी प्रोसेसर अर्धा वेळ ताटकळत उभा. प्रोसेसरला हात न लावता नुसती फास्ट रॅम घातली तरी यंत्र जवळपास दुप्पट चालतं. मेगाहर्ट्झच्या आकड्यांवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी ही एक गोष्ट आधी करून पाहावी.

उलट बाजूही तितकीच खरी. फेज फाइव्ह कंपनीच्या ब्लिझर्ड १२६० वरचा ५० मेगाहर्ट्झचा ६८०६० चिप रॅममध्ये लिहायला गेला की सेकंदाला साधारण ७ एमबीच्या पुढे सरकत नाही. हिशेब विजेच्या वेगाने आणि चित्र मात्र त्याच जुन्या गल्लीतून. शिवाय चिप रॅममधला मजकूर कार्डाला आपल्या कॅशमध्ये ठेवता येत नाही. ब्लिटर नावाची चिप प्रोसेसरला न विचारता तिथे लिहून जाते, आणि कॅशमधली प्रत तत्क्षणी शिळी होते.

सॉफ्टवेअरने घातलेले घोळ वेगळेच. मॅक आणि सुरुवातीच्या अमिगातला ६८००० पत्त्याचे फक्त २४ बिट वापरी. ३२ बिटांच्या पत्त्यातले वरचे ८ बिट फुकट पडलेले दिसले की प्रोग्रॅमर त्यांत आपली माहिती खोचून ठेवत. मॅकच्या सिस्टीमने हे केलं, अमिगाबरोबर मिळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेनेही केलं. पूर्ण ३२ बिट वापरणारा प्रोसेसर आला आणि तो त्या पत्त्यांवर प्रामाणिकपणे जाऊ लागला, म्हणजे भलतीकडेच. स्वतःचंच कोड चालता चालता बदलणारे खेळ कॅश असलेल्या प्रोसेसरवर कोसळत, कारण कॅशमध्ये जुनंच कोड बसलेलं असे. ६८०६० ने तर काही जुन्या सूचना चिपमधून काढूनच टाकल्या, त्या सॉफ्टवेअरने भरून काढाव्या लागतात. म्हणून जुन्या कार्डांवर सगळं बंद करून मूळ प्रोसेसरवर परतण्याची सोय बरेचदा दिसते.

एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत गेली. नवी यंत्रं येणार नाहीत हे कळल्यावर हाती होती तीच वाढवत राहणं भाग पडलं, आणि कार्डांचा सुगीचा काळ कंपनी बुडाल्यानंतर आला. १९९७ च्या सुमाराला फेज फाइव्हने एकाच कार्डावर ६८के (म्हणजे ६८००० च्या घराण्यातला) आणि वेगळ्याच जातीचा पॉवरपीसी असे दोन प्रोसेसर बसवले. दोघांची मेमरी एक. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना दर वेळी कॅश रिकामी करायला लागे, त्यात बराच वेग गळून जाई. ऐट भरपूर, पण मला तरी ते दोन कारभाऱ्यांचं घर वाटत आलं आहे.

गेल्या काही वर्षांत प्रोसेसर विकत घेण्याची अटच संपली. व्हॅम्पायर कार्डावर एफपीजीए चिपमध्ये (आतली जोडणी हवी तशी रचता येते अशी चिप) नव्याने रचलेला ६८के जातीचा प्रोसेसर असतो, आणि चित्र थेट एचडीएमआयने बाहेर काढून ते चिप रॅमची गल्लीच टाळतं. टेरिबलफायरसारख्या खुल्या आराखड्यांवरून लोक घरी कार्डं जोडतात. पायस्टॉर्ममध्ये अमिगाच्या ६८००० च्या सॉकेटवर रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक बसतो आणि ६८००० चं सोंग वठवतो. या पायचा प्रोसेसर म्हणजे एआरएम. बीबीसी मायक्रोच्या ट्यूबलाही आता लोक पायच जोडतात, त्यामुळे नातू आजोळी आल्यासारखं झालं आहे.

वेग शेकडो पटींनी वाढला, तरी अडतं जुन्याच ठिकाणी. अमिगा ६०० मध्ये प्रोसेसर मदरबोर्डला डाखलेला असतो, तेव्हा कार्ड त्याच्यावर टोपीसारखं दाबून बसवतात. गरम-थंड होता होता ते केसभर वर सरकतं, आणि एके सकाळी पडदा काळा. अमिगा १२०० च्या काही मदरबोर्डांवर उत्तम कार्डही मधूनच अडकतं किंवा सुरूच होत नाही. तिथे पाहायचे असतात ते दोन बारीक कपॅसिटर, ई१२३सी आणि ई१२५सी. कारखान्याने लावलेल्या या दोघांमुळे कार्डाकडे जाणाऱ्या संकेतांचं टायमिंग किंचित सरकतं. मूळ प्रोसेसरला ते जाणवत नाही, वेगवान कार्डाला मात्र चालत नाही. ते दोन्ही डाख वितळवून उचलून टाकले, की पुष्कळदा तेच कार्ड पहिल्या झटक्यात सुरू होतं.