रायवळ सफरचंद

हापूसची कोय पुरली म्हणून हापूस उगवत नाही, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. कोयीतून येतो तो रायवळ. एखादा मधासारखा गोड, एखादा दात आंबवणारा, एखादा नुसताच धागेदार. आणि एकाच बांधावर उभ्या असलेल्या दोन झाडांची चवही एकमेकांशी जुळत नाही. हापूसच हवा असेल, तर हापूसची काडी आणून कलम बांधावे लागते. सफरचंदाचेही नेमके असेच आहे, आणि त्याच्या ज्या हजारो जाती जगभर ओळखल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ कोणाच्या तरी परसात किंवा बांधावर उगवलेल्या अशाच एखाद्या रायवळ झाडात सापडते.

सफरचंद नेहमीप्रमाणे देठापासून खाली न चिरता एकदा आडवे कापून पाहावे. मधोमध पाच टोकांची चांदणी दिसते. चांदणीचे प्रत्येक टोक म्हणजे बीजकोशाचा एक कप्पा असून त्यात साधारणपणे दोन बिया असतात. म्हणजे एका फळात दहापर्यंत बिया मिळू शकतात. या सगळ्या बियांची आई एकच असते, पण बाप वेगळा असतो, कारण सफरचंदाचे झाड सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही. कुक्षीवर, म्हणजे फुलातील स्त्रीकेसराच्या टोकावर, पडलेला परागकण रुजतो आणि त्याची नळी बीजांडाकडे सरकू लागते. मात्र त्या परागाची जनुकीय खूण झाडाच्या स्वतःच्या खुणेशी जुळली, तर कुक्षीखालच्या दांड्यातील (कुक्षिवृंतातील) विकरे नळीतला आरएनए तोडून टाकतात आणि तिची वाढ वाटेतच थांबते. काही जातींत ही अडवणूक सैल असते, पण एरवी पराग दुसऱ्या जातीवरूनच यावा लागतो. म्हणून हिमाचलातील बागांत रॉयल डेलिशियसच्या झाडांमध्ये गोल्डन डेलिशियसची झाडे मुद्दाम लावलेली दिसतात. आपण खातो तो गर पूर्णपणे आईच्या झाडाचा असतो, त्यामुळे बापाचा मागमूस फळाच्या रंगात किंवा चवीत लागत नाही. तो फक्त बीमध्ये असतो.

सफरचंदाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 17 जोड्या असतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते, आणि कोणते जाईल याला काही नियम नाही. केवळ या निवडीतून एका झाडापासून 1,31,072 प्रकारची बीजांडे होऊ शकतात. बापाच्या बाजूनेही तितकेच प्रकार धरले, तर दोन झाडांच्या संकरातून संभवणाऱ्या रोपांची संख्या 1,700 कोटींच्या पुढे जाते. जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात, ती यात धरलेलीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या परक्या परागावरच वाढल्यामुळे जोडीतील दोन गुणसूत्रेही एकमेकांपासून बरीच वेगळी असतात. त्यामुळे एकाच फळातील दहा बिया लावल्या, तरी दहा निराळी झाडे उभी राहतात, आणि त्यांपैकी प्रत्येक झाड ही जगात पूर्वी कधीही नसलेली जात असते.

मोठ्या फळवाल्यांकडे मिळणारे हिरवेगार, आंबटसर ग्रॅनी स्मिथ हे असेच एक परसातले झाड. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ राहणाऱ्या मारिया अ‍ॅन स्मिथ या वयस्कर बाईंनी टास्मानियाहून आलेल्या सफरचंदांचा उरलासुरला भाग टाकून दिला होता आणि तिथेच हे रोप उगवले, असे त्यांनी 1868 मध्ये पाहायला आलेल्या बागायतदारांना सांगितल्याची नोंद आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या वारल्या. पण आज जगात कुठेही असलेले ग्रॅनी स्मिथचे झाड हे कलमाकलमाने पुढे गेलेले त्या एकाच झाडाचे अंग आहे.

आपल्याला अधिक जवळचे आणि माझ्या मते अधिक मोलाचे उदाहरण हिमाचल प्रदेशातले आहे. बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 फूट उंचीवर, म्हणजे आपल्या पुण्याच्या उंचीइतकेच. सफरचंदाच्या पट्ट्याच्या बरेच खाली असलेल्या या उष्ण गावात हरिमन शर्मा या शेतकऱ्याने 1998 मध्ये घरी खाण्यासाठी घुमारवींहून सफरचंदे आणली आणि बिया मागच्या अंगणात टाकून दिल्या. पुढच्या वर्षी तिथे एक रोप दिसले. दुसऱ्या कोणी ते तण समजून उपटले असते. शर्मांनी मात्र एवढ्या उष्ण जागी सफरचंदाचे रोप तग धरते आहे, यातले वेगळेपण ओळखले आणि ते जपले. 2001 मध्ये त्याला फळे आली. मग त्याच्या काड्या घेऊन ते कलमे बांधत गेले, आणि 2005 पर्यंत त्यांची लहानशी बाग उभी राहिली. ही जात एचआरएमएन-99 या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने तिच्या अनेक राज्यांत चाचण्या घेतल्या, महाराष्ट्रातल्याही काही शेतकऱ्यांनी तिची झाडे लावली, आणि 2025 मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली.

त्या झाडाचे वेगळेपण कशात आहे, हे समजण्यासाठी सफरचंदाचा हिवाळ्याशी असलेला संबंध पाहावा लागतो. थंडी सुरू होताच झाड पाने गाळते आणि त्याचे डोळे सुप्तावस्थेत जातात. सुमारे 7 अंश सेल्सिअसखालील थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय ते डोळे नीट फुटत नाहीत. नेहमीच्या जातींना असे 1,000 च्या आसपास तास लागतात. हिवाळ्यातल्या एखाद्या उबदार दिवसाला फसून मोहोर लवकर फुलू नये आणि पुढच्या हिमात जळू नये, यासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे. अंगणातल्या त्या रोपात योगायोगाने अशी जुळणी झाली की त्याचे काम थोड्या थंडीतही भागू लागले. कलमांनी हे कधीच घडले नसते, कारण कलम म्हणजे जुन्याचीच नक्कल.

बियांनाही हीच थंडी लागते. ताज्या बिया कुंडीत पेरून पाणी घालत राहिले, तर त्या बहुधा तशाच पडून राहतात, आणि पेरणारा निराश होतो. त्यासाठी चांगल्या पिकलेल्या फळातील तपकिरी, भरलेल्या बिया घ्याव्यात, धुऊन गराचा चिकटपणा काढावा आणि ओलसर कापडात किंवा टिशू पेपरात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. 3 ते 5 अंश तापमान योग्य असते. कापड ओलसरच राहिले पाहिजे, कारण कोरड्या बीवर थंडीचा हा संस्कार होत नाही. दर आठवड्याला डबा उघडून बुरशी आली आहे का ते पाहावे आणि आली असल्यास बिया धुऊन कापड बदलावे. बीला निजवून ठेवणारे अ‍ॅब्सिसिक आम्ल या काळात कमी होत जाते. दोन ते तीन महिन्यांनी एके दिवशी बीच्या टोकाशी साल उकललेली दिसते आणि तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ बाहेर डोकावते. ते मूळ फार नाजूक असते. बी बोटाने न दाबता अलगद उचलून, मूळ खाली राहील अशा रीतीने, भुसभुशीत मातीत साधारण एक सेंटीमीटर खोल ठेवावे. शीतगृहात दीर्घकाळ राहिलेले सफरचंद कापल्यावर कधी कधी आतच रुजलेली बी सापडते; तिची थंडी आधीच भरलेली असते, तेव्हा तिला लगेच मातीत घालण्यास हरकत नाही.

यानंतरची वाट लांबची आहे. बीपासून वाढलेले झाड पहिली काही वर्षे बाल्यावस्थेत असते. या काळात पाने लहान व अधिक दातेरी येतात, बाजूच्या फांद्यांना काट्यांसारखी टोके येतात आणि फूल मुळीच धरत नाही. ही अवस्था संपायला पाच ते दहा वर्षे लागू शकतात. रोप आटोक्यात ठेवण्यासाठी त्याचा शेंडा वारंवार छाटला, तर ती आणखी लांबते. म्हणून सुरुवातीला त्याला सरळ वर जाऊ द्यावे. रोप पुरुषभर उंच झाले की शेंड्याकडची काडी घेऊन एम-9 सारख्या बुटक्या खुंटावर, म्हणजे काडी ज्यावर बांधतात त्या मुळे असलेल्या रोपावर, पाचर कलम करता येते. त्या खुंटावर झाड लहान राहते आणि फळ काही वर्षे लवकर चाखायला मिळते.

बीचे सफरचंद म्हणजे आंबट, खुरटे फळ, असे सरसकट सांगितले जाते. हे मला अतिशयोक्तीचे वाटते. आईबाप दोन्ही खाण्याच्या चांगल्या जाती असतील, तर बरीच झाडे खाण्याजोगी फळे देतात. बाजारात जुन्या जातींना मागे टाकील असे फळ मात्र हजारो रोपांतून एखादेच निघते, कारण त्याला चवीबरोबर टिकाऊपणा, रंग, रोगाशी झुंज आणि दरवर्षीचे उत्पन्न हे सगळे एकत्र लागते. घरच्या माणसाला इतके सगळे लागत नाही. महाराष्ट्रात कोणाला हा प्रयोग करायचा असेल, तर काश्मिरी फळाच्या बियांपेक्षा एचआरएमएन-99 किंवा इस्राएलमध्ये तयार झालेल्या अ‍ॅना यांसारख्या थोड्या थंडीत फुलणाऱ्या जातीच्या फळातील बिया घ्याव्यात, कारण तो गुण पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता त्यांत अधिक असते.

पहिल्या एक-दोन वर्षांच्या फळांवरून झाडाची पारख करू नये. फळ तिसऱ्या बहरापर्यंत सुधारत जाऊ शकते. ते खरोखरच आवडले, तर त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्यापूर्वी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-तीन काड्या काढून दुसऱ्या खुंटांवर बांधाव्यात आणि त्यांतले एक कलम शेजाऱ्याच्या किंवा नातलगाच्या अंगणात लावायला द्यावे. तोपर्यंत ती सारी जात त्या एकाच बुंध्यावर उभी असते.