राउटरचं प्रमाणपत्र: ताकीद नेमकी कशाची?

वायफायचा पासवर्ड बदलायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की पुष्कळदा राउटरच्या पानाआधी 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' अशी ताकीद झळकते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात.

ब्राउझर दोन गोष्टी तपासतो: संवाद कूटबद्ध, म्हणजे तिसऱ्याला वाचता न येणारा, आहे का, आणि पलीकडचा नक्की कोण आहे. ही ओळख सांगणारं डिजिटल ओळखपत्र म्हणजे प्रमाणपत्र. राउटरचं प्रमाणपत्र स्वतःच स्वतःवर सही केलेलं असतं, म्हणजे सेल्फ अटेस्टेड झेरॉक्ससारखं. बँकेच्या प्रमाणपत्रावर मान्यताप्राप्त संस्थेची सही असते. कूटबद्धता दोन्हीकडे तेवढीच भक्कम असू शकते. राउटरच्या बाबतीत ब्राउझर अडतो तो दुसऱ्या प्रश्नाशी, ओळखीशी.

मग मान्यताप्राप्त संस्थेची सही का घेत नाहीत? कारण १९२.१६८.१.१ हा पत्ता लाखो घरांत एकच आहे. तो 'तुमचाच' असल्याची ग्वाही कुणी देऊ शकत नाही. अशा खासगी पत्त्यांना दिलेली जुनी प्रमाणपत्रं ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायचं या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांनी मिळून ठरवलं होतं. नवी तर मिळतच नाहीत.

कंपनीतून राउटरसोबत आलेल्या प्रमाणपत्रावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. २०१२ साली मिशिगन आणि सॅन दिएगोच्या संशोधकांनी अख्खं इंटरनेट चाळलं, तेव्हा कूटबद्ध संवाद करणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी चाव्या, म्हणजे प्रमाणपत्रामागच्या गुप्त संख्या, त्यांना गणित करून काढता आल्या. त्यांत राउटरसारखी छोटी उपकरणं फार होती. आरएसए या कूटबद्धतेच्या प्रचलित पद्धतीतली चावी दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते आणि त्या संख्या खरोखर यादृच्छिक, म्हणजे अंदाज न बांधता येणाऱ्या, लागतात. नुकत्याच सुरू झालेल्या राउटरकडे ना कीबोर्ड, ना माऊस. पुरेशी यादृच्छिकता गोळा व्हायच्या आतच तो चावी बनवून मोकळा होतो. मग दोन अनोळखी राउटरांच्या चाव्यांत एक मूळ संख्या सारखीच निघते, आणि शाळेत शिकलेला मसावि काढला की दोन्ही चाव्या फुटतात! मला हा निष्कर्ष अजूनही थक्क करतो.

म्हणून चावी आणि प्रमाणपत्र आपल्या लॅपटॉपवर ओपनएसएसएल या प्रोग्रॅमने बनवावं आणि मग राउटरवर चढवावं. आरएसए घेतलं तर २०४८ बिट किमान. राउटरचा पत्ता प्रमाणपत्राच्या 'पर्यायी नाव' या रकान्यात, तोही आयपी पत्ता म्हणूनच नोंदवावा; २०१७ पासून क्रोम जुना 'कॉमन नेम' रकाना बघतच नाही. मुदत ८२५ दिवसांच्या आत ठेवावी, नाहीतर ॲपलची उपकरणं ते नाकारतात. राउटरचं घड्याळही बघून घ्यावं. अनेक राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते १९७० सालात जाऊन बसतात, आणि अशा वेळी राउटरनेच प्रमाणपत्र बनवलं तर तारखा भलत्याच पडतात.

यातली एक गोष्ट फारच कमी सांगितली जाते. ओपनएसएसएलच्या नेहमीच्या आज्ञेने बनणारं प्रमाणपत्र बहुधा 'मी इतरांवरही सही करू शकतो' असा अधिकार घेऊनच जन्मतं. ताकीद बंद व्हावी म्हणून ते लॅपटॉपच्या विश्वसनीय यादीत टाकलं आणि उद्या कुणी राउटरमधून खासगी चावी चोरली, तर तो तुमच्या बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र बनवेल आणि तुमचा लॅपटॉप ते निमूट मान्य करेल. बनवतानाच तो अधिकार 'नाही' असा लिहावा. मी याबाबत कुणालाही सूट देणार नाही.

उरला ओळखीचा प्रश्न. प्रत्येक प्रमाणपत्राचा ६४ अक्षरी ठसा (फिंगरप्रिंट) निघतो. लॅपटॉपवर तयार झालेला ठसा लिहून ठेवावा, राउटरला केबल जोडून पहिल्यांदा पान उघडावं आणि ब्राउझर दाखवतो तो ठसा अक्षर न् अक्षर ताडून बघावा. जुळला, तरच विश्वसनीय यादीत टाकावं. राउटर फॅक्टरी रीसेट केला, तर प्रमाणपत्र बदलतं आणि ताकीद पुन्हा येते, ते साहजिक आहे. रीसेट न करता, मुदतही न संपता ती आली, तर पासवर्ड टाकू नये. केबल लावून आधी ठसा बघावा.